विस्मृतीची शुश्रूषा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या हंसत-खेळत वापरली जात आली आहे. आजोबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधूं लागले, कीं ती उच्चारावयाची आणि विषय संपवावयाचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्मृतिभ्रंश हा शब्द येतो. पण तेथें तो क्रोधाच्या परिणामांपैकीं एक आहे. आज वैद्य तोच शब्द ज्या व्याधीला लावतात, तींत प्रत्यक्ष मेंदूच खंगत जातो, आणि तिला समूळ घालविणारें औषध अद्यापि निघालेलें नाहीं. मग औषधावांचून अशा माणसासाठीं काय करतां येतें? या प्रश्नाचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास मीं वाचला तो कुतूहलानें नव्हे, गरजेपोटीं.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतों. माझ्या आईला ८१ व्या वर्षीं हा विकार जडला. दिवेलागणीची वेळ झाली कीं ती विचारी, “हे अजून आले नाहींत का रे?” नाना जाऊन तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं. मी पडलों मास्तर. चुकीचें उत्तर दिसलें कीं तांबडी शाई उचलावयाची, ही हाताची संवय. “आई, नाना गेले. तूंच नव्हतीस का उशाशीं बसलेली?” असें मी सांगें. ती ऐके, आणि वार्ता जणूं आतांच कळली आहे अशी रडे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रश्न, तेंच उत्तर, तेंच रडणें. एकाच मरणाचें सुतक एका माणसानें किती वेळां धरावें?

या व्याधीच्या इतिहासाचा आरंभहि अशाच प्रश्नोत्तरांनीं होतो. १९०१ च्या नोव्हेंबरांत फ्रांकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळांत औगुस्ट नांवाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. डॉक्टर आलोइस आल्त्सहायमर यांनीं तिला नांव विचारलें. तें तिनें सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारलें, तर पुन्हां स्वतःचेंच सांगितलें. ती फ्लॉवर आणि डुकराचें मांस खात असतांना काय खातेस म्हणून विचारलें, तर म्हणाली पालक. हा सगळा संवाद डॉक्टरांनीं बारकाईनें टिपून ठेवला; ते कागद पुढें हरवले आणि १९९५ सालीं पुन्हां सांपडले. या इस्पितळाची रीत त्या काळाच्या मानानें दयाळू होती. रुग्णांना बांधून ठेवण्याची चाल तेथें मोडली होती. अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्यांत बराच वेळ बसवून शांत करीत. विल्यम ट्यूक या क्वेकरपंथी चहाच्या व्यापाऱ्यानें १७९६ सालीं यॉर्क येथें बाग, चहापान व सौजन्य यांच्या बळावर मनोरुग्णांचें आश्रमवजा घर चालू केलें होतें. त्याच घराण्यांतली ही रीत म्हणावी. पण औगुस्ट १९०६ च्या एप्रिलांत वारली, तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं गेला, १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं व्याधीला आल्त्सहायमरांचें नांव दिलें, आणि शास्त्राची नजर मेंदूवर जी खिळली ती माणसाकडे वळण्यास पुढें अर्धें शतक लागलें.

ती वळली अमेरिकेंत. १९५८ सालीं कॅन्सस संस्थानांतील टोपीका येथें, निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत, डॉक्टर जेम्स फोल्सम यांनीं एक साधा उपक्रम आरंभिला. त्याला आपण ‘वास्तवबोध’ म्हणूं. भिंतीवर फळा; त्यावर आजचा वार, तारीख, हवामान, पुढचें जेवण कोणतें. परिचारिकांनीं दिवसभर बोलतांबोलतां त्याच गोष्टींची आठवण द्यावयाची. या उपक्रमाचे उपकार मोठे आहेत. तोंवर ज्यांना नुसतें खाऊंपिऊं घालून पडूं दिलें जात होतें, अशांशीं कोणी तरी दिवसाकाठीं बोलूं लागलें. परंतु अडाणी हातांत पडतांच त्याची परीक्षा झाली. आणि जिचा निकाल रोजच नापास असा ठरलेला, ती परीक्षा कोणाला हवी? मींहि आईच्या खोलींत असा फळा टांगला होता. तिनें तो लक्षपूर्वक वाचला आणि म्हणाली, “आज शाळेला सुट्टी नाहीं वाटतें?”

१९६३ सालीं रॉबर्ट बटलर या मानसरोगतज्ज्ञानें एक निबंध लिहिला. म्हातारीं माणसें जुन्या गोष्टी उगाळतात तें बुद्धिनाशाचें लक्षण, असा तोंवर समज होता. बटलरनें उलट सांगितलें, कीं आयुष्याचा हिशेब शेवटीं एकदां तपासून पाहणें हें मनाचें स्वाभाविक कार्यच आहे. त्यांतून जुनीं छायाचित्रें, गाणीं, भांडीं पुढें ठेवून आठवणी जागविण्याची पद्धति वाढली. त्याच सुमारास नेओमी फील या बाई वृद्धांशीं बोलण्याची निराळी रीत घडवूं लागल्या. त्यांचें बाळपणच क्लीव्हलंड येथील एका वृद्धाश्रमांत गेलें होतें, कारण वडील तेथले व्यवस्थापक. वृद्ध बाई मेलेल्या आईला हांक मारते, तेव्हां तिला खोडून काढूं नये आणि ‘येतेच हं आई’ अशी थापहि मारूं नये. त्या हांकेंतली व्याकुळता ओळखून त्या आईविषयींच विचारावें, असें त्यांचें सांगणें. या रीतीचा गुण प्रयोगांनीं पुरतेपणीं सिद्ध झालेला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आठवणींच्या मेळाव्यांचेंहि तसेंच. इंग्लंड व वेल्समध्यें ४८८ रुग्ण व त्यांचे आप्त यांना घेऊन एक मोठी चांचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ सालीं आला. रुग्णांच्या सुखांत फरक दिसला नाहीं, आणि शुश्रूषा करणाऱ्यांची चिंता मात्र थोडी वाढलेली आढळली. मला याचें नवल वाटलें नाहीं. आपलें माणूस काय काय विसरलें आहे, हें मेळाव्यांत बसून मोजणें सोपें नसतें.

ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनीं १९९७ च्या आपल्या ग्रंथांत तर भोंवतालच्या माणसांनाच आरसा दाखविला. रुग्णाला लहान मूल समजणें, त्याच्या देखत त्याच्याविषयीं परस्पर बोलणें, त्याला झेपणार नाहीं अशा घाईनें वागणें, यांनीं व्याधि वाढते, असें ते म्हणत. त्या यादींत फसविणें हेंहि एक आहे. म्हणजे खरें सांगून रडवावें तर तें क्रूर, आणि “येतील हो इतक्यांत” म्हणावें तर ती फसवणूक. मी मोठ्या पेंचांत पडलों.

वाट दाखविली ती २००३ च्या एका इंग्रजी चांचणीनें. एमी स्पेक्टर आणि त्यांचे सहकारी यांनीं वास्तवबोधांतलें निकें तेवढें वेंचून नवी योजना केली. लहान मंडळ, आठवड्यांतून दोनदां, प्रत्येक खेपेस पाऊण तास, अशा १४ बैठका. २०१ वृद्धांवर ती करून पाहिली, तेव्हां स्मृति व भाषा यांत जी किंचित् सुधारणा दिसली ती त्या काळच्या औषधांच्या तोडीची भरली. २००६ सालीं इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शिकेंत तिची शिफारस झाली. पुढें चेन्नईच्या मंडळींनीं ती तमिळ वृद्धांसाठीं बेतून घेतली. तिच्यांतला एक नियम माझ्यासारख्या परीक्षकास चपराकच वाटला : माहिती विचारूं नये, मत विचारावें. पंतप्रधान कोण हें विचारलें कीं म्हातारा गोंधळतो. पुढारी कसे असावेत हें विचारा, तो अर्धा तास बोलतो. मताला चूक-बरोबर नसतें.

त्यानंतर एका संध्याकाळीं आईनें नेहमींप्रमाणें विचारलें, “हे अजून आले नाहींत का रे?” मी तिच्याजवळ बसलों आणि म्हटलें, “आई, नानांना उशीर झाला म्हणजे तुला राग येई का ग?”

“राग?” ती म्हणाली, “भाकऱ्या निवत ना!” आणि मग नाना निवलेली भाकरी ताकांत कुसकरून कशी खात, वर लसणीची चटणी कशी मागून घेत, हें तिनें मला सविस्तर सांगितलें. चटणीचें मला ठाऊक नव्हतें.