बधिर हाताचे कोडे

चुलीवरचे तापलेले भांडे हाती धरावे, कातडी भाजावी आणि तरी वेदनेचा लवलेशही जाणवू नये, हे कुष्ठरोग्याचे फार जुने दुर्दैव. लोकांनी ते पूर्वजन्मीचे पाप मानले आणि रोग्याला गावाबाहेर लोटले. या बधिरतेचे खरे कारण कळण्यास मज्जापेशीची ओळख पटावी लागली.

इ. स. १८७३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरले. त्या वर्षी नॉर्वेत हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले, आणि इटलीत गोल्जी यांनी रुप्याच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली. याच रीतीने स्पेनच्या काहाल यांनी १८८८ साली दाखविले की, मज्जासंस्था हे अखंड जाळे नसून ती सुट्या पेशींची बनलेली आहे. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हाही गोल्जींना हे मान्य नव्हते!

मज्जापेशीला सामान्यतः एक देह, संदेश घेणाऱ्या आखूड शाखा व संदेश पुढे नेणारा लांब तंतू असतो. बोटाचा स्पर्श कळविणाऱ्या पेशीचा देह पाठीच्या कण्याजवळ असतो. तंतू मात्र बोटाच्या टोकापर्यंत पोचतो. त्याभोवती श्वॉन पेशींचे वेष्टन असते. ते त्याचे रक्षण-पोषण करते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून १९५१ साली तो प्रसिद्ध केला. त्वचेतील बारीक मज्जातंतूंवर त्यांची दृष्टी खिळली होती. जंतू तंतूच्या आतून वर सरकतात, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनात श्वॉन पेशी हेच जंतूंचे मुख्य वसतिस्थान ठरले.

तात्पर्य, बोटे आपोआप झडत नाहीत. तंतू निकामी होतो, वेदनेचा पहारा उठतो, आणि न जाणवलेल्या जखमा चिघळून बोटे झिजतात. कोपराजवळील मज्जातंतू दुखावला की करंगळी व अनामिका वाकतात.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. परंतु औषध जंतूंना मारते. फार काळ निकामी झालेला तंतू ते परत देत नाही. म्हणून बधिर चट्टा लपविण्यात गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो. तो लपवावयास लावणारी लाज रोग्याची नव्हे, समाजाची आहे.