बसू निकाल (डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य)

पोलीस कोठडीतील मारहाण व मृत्यू यांना आळा घालण्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी दिलेला निकाल. पश्चिम बंगालमधील एका विधिसाहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी अशा मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले.

न्या. कुलदीप सिंग व न्या. ए. एस. आनंद यांच्या पीठाने अकरा दंडक घालून दिले. अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नावाची पट्टी हवी, अटकेच्या टिपणावर साक्षीदाराची सही हवी, आप्तांना कळवले पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. दंडक कारकुनी वाटतात. पण मारहाण नाकारणे अवघड करणारे असे कागदच असतात. उल्लंघन झाल्यास खातेनिहाय कारवाईबरोबर न्यायालयाच्या अवमानाचा खटलाही होऊ शकतो. पुढे यांतील बरेच दंडक फौजदारी प्रक्रिया संहितेत आले.

'थर्ड डिग्री'चे, म्हणजे कबुलीसाठी केल्या जाणाऱ्या छळाचे, मूळ मात्र तपासाच्या पद्धतीत आहे. पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नाही, पण तिच्यामुळे मुद्देमाल सापडला तर तेवढा भाग ग्राह्य धरतात, मोह तिथेच. कोठडीतील छळाचा तपास बहुधा त्याच खात्याकडे जात असल्याने साक्षीदार पुढे येत नाहीत आणि फिर्यादीसुद्धा ठाण्याची पायरी चढताना कचरतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.