बांध आणि कारभार

उत्तर साष्टीच्या सखल भूमीत, भाईंदर स्थानकाच्या पूर्वेस वसलेले गोडदेव हे गाव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या दाट वस्तीत असे काही मिसळून गेले आहे की, नवख्या माणसास ते रिक्षावाल्याच्या तोंडच्या एका नाक्यापलीकडे भेटत नाही; परंतु वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वकिलाने दिलेली जाहीर नोटीस ज्याने कधी लक्षपूर्वक वाचली असेल, त्यास ‘मौजे गोडदेव, तालुका व जिल्हा ठाणे’ ही अक्षरे, त्यांच्या पाठोपाठ जुना सर्व्हे नंबर, नवा सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर यांची उतरंड, आणि अगदी शेवटी सदनिकेचा मजला असा क्रम आढळला असेल. चौथ्या मजल्यावर संसार थाटलेल्या कुटुंबाचे घर कागदोपत्री अद्यापि कुणाच्या तरी भातखाचरावरच उभे आहे. नगर वाढले, वस्ती बदलली, तरी दप्तर मौजे सोडावयास तयार नाही. आणि या दप्तराच्या हट्टामागे जो इतिहास आहे तो राजवटींच्या इतिहासाहून अधिक जुन्या अशा एका प्रश्नाचा आहे. तो प्रश्न असा की, येथले खारे पाणी अडवावयाचे कोणी, आणि त्याबद्दल वाटा घ्यावयाचा कोणी.

वसईची खाडी आणि तिचे फाटे यांच्या मध्ये सापडलेल्या या प्रदेशात जमीन ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हती. ती मनुष्याने समुद्रापासून मागून घेतलेली होती. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या खाजणास मातीचा बांध घालावयाचा, लाटेच्या अंगास दगड बसवावयाचे, आणि योग्य ठिकाणी लाकडी झडपेची उघाडी ठेवावयाची, की जी भरतीच्या दाबाने आपोआप मिटावी आणि ओहोटी लागताच आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने उघडावी. अशी उघाडी नीट चालली म्हणजे पावसाळ्यामागून पावसाळा जमिनीतील क्षार धुवून निघे, आणि काही वर्षांनी तेथे खारटपणा सोसणारे भात उभे राही. मात्र ही सारी व्यवस्था फार नाजूक असे. खेकड्याने पोखरलेले एखादे बीळ वेळीच बुजविले नाही, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेवढ्या बिळाची खांड होई, आणि एका रात्रीत आत शिरलेले पाणी अनेक हंगामांचे पीक घेऊन जाई.

म्हणूनच खारपट्ट्यातील गावांना एकत्र यावे लागले ते कुठल्याही कायद्याची वाट न पाहता. अलिबाग-पेणकडे ज्या सामुदायिक श्रमव्यवस्थेस ‘जोळ’ म्हणतात, तिचे तत्त्व साधे होते: ज्याचे शेत बांधाआड, त्याच्या घरचा माणूस बांधावर. ज्याचे शेत बांधाला लागून आहे तो आणि ज्याचे चार खाचरे आत आहे तो, या दोघांचे भवितव्य एकाच खांडीवर अवलंबून असल्यामुळे कामचुकार माणसास शेजारधर्माची सबब चालत नसे. पंचांनी जमावे, घरटी माणूस ठरवावा, न येणाऱ्यास जाब विचारावा, ही जी रीत पुढे ग्रामपंचायत या नावाने कायद्याच्या पुस्तकात आली, तिचा पहिला पाठ खारपट्ट्याच्या रयतेने चिखलात उभे राहून गिरविलेला होता.

राजवटी या चिखलावरून येत-जात राहिल्या. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई प्रांत मिळविलेल्या पोर्तुगीजांनी साष्टीतील गावे आपल्या सरदारांस व धर्मसंघांस वाटून दिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे सर केले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. फिरंगी फिदाल्गो, पेशव्यांचा कमाविसदार व कंपनीचा कलेक्टर या तिघांच्या टोप्या-पगड्या निरनिराळ्या असल्या, तरी बांध टिकला तर वसूल टिकेल, हे तिघांनाही सारखेच कळत होते. कुलाबा प्रांती तर खाऱ्या जमिनीस बांध घालून तो राखणाऱ्यास शिलोत्रदार अशी संज्ञाच होती, आणि बांधाच्या मोबदल्यात कुळाने त्यास बिघ्यामागे भाताचा ठरीव आकार द्यावा, असा शिरस्ता होता.

या शिरस्त्याचे भाईंदरच्या परिसरातील रूप १८७० साली ठरले. त्या वर्षी सरकारने भाईंदर, मिरे व घोडबंदर या गावांच्या जमिनींविषयी रामचंद्र लक्ष्मणजी या गृहस्थांस ९९९ वर्षांचा पट्टा करून दिला. पट्टेदाराने बांध घालून व राखून शेतीत खारे पाणी शिरू देऊ नये, आणि त्याबद्दल रयतेच्या पिकातून वाटा घ्यावा, असा त्यातील व्यवहाराचा गाभा होता. साष्टीत अशी खासगी मालकीची गावे आणखीही होती. पण करार बांधाचा आणि मुदत हजारास एक कमी, हा योग विलक्षण होता. बांध दर पावसाळ्यात दुरुस्त करावा लागतो. पट्टा मात्र एकदाच लिहावा लागतो. मातीच्या कामाचे आयुष्य एका उधाणाएवढे आणि कागदाचे आयुष्य तीस पिढ्यांचे, या विषमतेत पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या कलहाचे बीज होते. हक्क पुढे विकत घेता आले, वारसाने व खरेदीने हातोहात गेले, आणि विसाव्या शतकात ते एका कंपनीकडे आले. बांधावर पाटी वाहणारा आगरी मात्र तोच राहिला.

या पट्ट्याच्या आधीच, १८६४ मध्ये, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचला, आणि १८६७ च्या एप्रिलात विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. लोहमार्गाने या भूमीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. गोडदेव, नवघर, खारी ही गावे पूर्वेस राहिली. गाडीबरोबर मिठाला बाजार मिळाला. जे पाणी भातशेतीबाहेर ठेवण्यासाठी जिवाचे रान करावयाचे, तेच पाणी मिठागरात मोजून-मापून आत घ्यावयाचे, एका कोंडीतून दुसरीत फिरवीत उन्हाने आटवावयाचे, आणि शेवटी फळीने मीठ ओढून त्याच्या राशी घालावयाच्या, हे दुसरे कसब त्याच हातांनी जोपासले होते. पावसाळी भात आणि उन्हाळी मीठ, असे आगऱ्यांचे वर्ष दोन्ही टोकांनी बांधाला जखडलेले होते. मिठावर सरकारचा डोळा भातापेक्षाही अधिक होता. १८८८ साली कर मणामागे अडीच रुपयांवर गेला, आणि आगराच्या तोंडाशी जकातीचा शिपाई कायमचा बसला.

वाटा आणि बांध यांची ताटातूट झाली की रयत कशी उठते, हे अलिबागजवळच्या चरी गावाने दाखविले. तेथल्या आगरी कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची शेते कसण्याचे नाकारले. त्यानंतर कायद्याची चाके फिरू लागली. १९४८ साली कुळकायदा आला. १९५१ मध्ये साष्टीतील इस्टेटींची महसूल-माफी रद्द करणारा स्वतंत्र अधिनियम मंजूर झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा तो मालक असे जाहीर झाले. १९५८ च्या अधिनियमाने ग्रामपंचायतींची आजची घडी बसली. पाटील-कुलकर्ण्यांचे वतन गेले, तलाठी पगारी झाला, आणि चावडीवरचा शब्द ठरावाच्या वहीत उतरू लागला.

त्याच १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत सरकली आणि तेथेच थांबली. ही रेघ ज्यांच्या दाराशी येऊन थबकली, त्या मिरा-भाईंदरच्या गावांचे भाग्य तिने ठरविले. अलीकडे महानगराचे नियम व महानगराचे दर. पलीकडे ग्रामपंचायतीची हद्द, स्वस्त जमीन आणि तीच लोकल गाडी. पूर्वेच्या गाळ्यांत पोलादी भांड्यांचे कारखाने निघाले, पॉलिशच्या चाकांचा खरखराट दिवसभर ऐकू येऊ लागला, आणि खाचरांवर चाळी, चाळींवर इमारती चढल्या. एवढा भार पंचायतींना पेलणारा नव्हता. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, १९९० मध्ये आणखी चार तीत आल्या, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लक्ष असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लक्षांवर गेली.

या लोंढ्यात जुन्या गावकऱ्यांच्या हाती उरले ते उत्सव. उत्तर साष्टीच्या आगरी गावांत होळी कोठे पेटावी, देवीच्या पालखीस पहिला खांदा कोणाचा, घरटी वर्गणी किती, आणि चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेस निघणाऱ्या जथ्याची सोय कशी, हे आजही गावकीच ठरविते; त्यास कोणत्याही प्रभागाचा नगरसेवक लागत नाही, लागला तर तो पाहुणा म्हणून. वर्गणी न देणाऱ्यास विचारला जाणारा जाब ऐकला, की बांधावर न येणाऱ्यास पूर्वी कसे विचारीत असतील याची कल्पना येते. जे कर्तव्य शेताबरोबर संपले, त्याचा आकार उत्सवाने जतन केला आहे. मात्र जतन केला तो आकारच. पालखी रस्त्यातून वाट काढू शकते, पाण्याला वाट काढून देऊ शकत नाही.

आणि पाण्याचा प्रश्न तर संपलेला नाही. भाताचे पीक गेल्यावर पट्ट्यातील वाट्याला विषय उरला नाही. तरी त्या पट्ट्याच्या आधारे जमिनीवरचे हक्क सांगितले जात राहिले, बांधकामांच्या ना हरकत दाखल्यांवरून वाद होत राहिले, आणि बांध राखण्याची अट मात्र कुणी आठवून सांगितली नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मुंबई आणि तिच्या उपनगरांस हे शिकविले की, खाजणे, मिठागरे व कांदळवने ही पडीक जागा नसून भरतीच्या पाण्याची व पावसाच्या पाण्याची भेट व्हावयाची ठिकाणे आहेत. उघाडी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास हे आधीपासून ठाऊक होते. ज्याने वाटा घ्यावा त्याने पाणी अडवावे, हा १८७० च्या कराराचा अर्धा भाग विसरला गेला. तो आता मालमत्ताकराच्या देयकाबरोबर महानगरपालिकेच्या अंगी चिकटला आहे, आणि नाल्याच्या तोंडाशी भरतीची वेळ पाहून काम करणारा अभियंता हाच त्या जुन्या शिलोत्रदाराचा खरा वारस आहे. मौजे गोडदेवच्या नागरिकाने आपल्या कारभाराची परीक्षा करावयाची झाली, तर सभागृहातील भाषणांपेक्षा आषाढातल्या उधाणाच्या दिवशी, पाऊस कोसळत असताना, खाडीकडचा नाला कोण पाहून आला एवढे विचारावे.