बर्फावरचे मोगल

आमच्या गावात मोगल हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते सांगायला नको. गावाचे जुने दरवाजे, बीबीचा मकबरा आणि तिकडे खुलताबादेस उघड्या आकाशाखाली असलेली ती साधी कबर. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी या खुणा जागच्या जागी आहेत. म्हणूनच, युरोप-अमेरिकेतली हजारो माणसे दर हिवाळ्यात मोगलांवरून उतरण्याचा सराव करतात आणि त्यात निपुण झालेल्याला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळते, असे म्हटले तर आमचा श्रोता कान टवकारील!

परंतु हे मोगल दिल्लीचे नव्हेत. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ मुलखातल्या बोलीत लहानशा टेकाडाला ‘मुगेल’ म्हणतात. भाषापंडितांचा कौल असा की, तो शब्द बर्फावर घसरणाऱ्या मंडळींच्या तोंडून इंग्रजीत आला आणि आपल्या बादशहांच्या इंग्रजी नावाशी त्याचे रूप जुळून गेले. बर्फाच्या उतारावर पडणाऱ्या कंबरभर उंचवट्यांना आज जगभर मोगल म्हणतात.

हे उंचवटे निसर्ग घडवीत नाही, माणूस घडवतो. पायाला दोन लांब पट्ट्या बांधून माणूस बर्फावरून घसरत येतो. या पट्ट्यांना स्की म्हणतात. वेग आवरायचा तर त्याला डावी-उजवीकडे वळावे लागते, आणि वळताना पट्टीची कड बर्फ खरवडते. खरवडलेला बर्फ पुढे साचतो. मागून येणारा त्या ढिगाला वळसा घालून जातो, म्हणजे तोही तिथेच खरवडतो. दिवसभरात शेकडो माणसे उतरली की सपाट उतारावर उंचवटे आणि घळी यांची नक्षी उमटते. मौजेची गोष्ट पुढेच आहे. स्वार उंचवट्याच्या खालच्या अंगाचा बर्फ खरवडतो आणि तो पुढच्या उंचवट्याच्या वरच्या अंगावर जाऊन बसतो. त्यामुळे माणसे खाली जात असतात आणि उंचवटे मात्र हळूहळू डोंगर चढत असतात! अमेरिकेतल्या अभ्यासकांनी एका उतारावर हे मोजले, तेव्हा हा प्रवास दिवसाला सुमारे आठ सेंटिमीटर भरला.

उतरण्याच्या विद्येचा इतिहास मात्र या उंचवट्यांहून जुना आहे. उत्तरेकडच्या देशांत स्की ही हौस नव्हती, हिवाळ्यातली वहाण होती. तिला कलेचे रूप देणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नॉर्हाइमचे. १८२५ साली जन्मलेला हा गरीब कुळवाडी. पूर्वी स्कीला फक्त पायाचा पुढचा भाग अडकवलेला असे. टाच मोकळी आणि पाय डळमळता. नॉर्हाइमने वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या पिळलेल्या फांद्यांचे बंधन टाचेमागून घेतले. पाय पट्टीशी जखडला गेला आणि उडी घेणे, वळणे, थांबणे माणसाच्या स्वाधीन झाले. १८६८ साली राजधानीतल्या शर्यतीत बेचाळीस वर्षांच्या या खेडुताने तरुणांना मागे टाकले. पुढे तो पोटासाठी अमेरिकेत गेला आणि १८९७ साली तिथल्या सपाट माळमुलखात वारला. डोंगर उतरणाऱ्याला शेवटी उतार लाभला नाही.

टेलेमार्कचे डोंगर गोलसर; आल्प्सचे कडे उभे. तिथे ही रीत पुरेना. तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डजवळ एकांतात राहणाऱ्या माथियास झ्डार्स्की या गृहस्थाने वर्षानुवर्षे प्रयोग करून आखूड पट्ट्या आणि भक्कम लोखंडी बंधन सिद्ध केले, आणि १८९६ साली आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

त्यानंतर आला हान्नेस श्नायडर. १८९० साली आर्लबर्ग खिंडीजवळच्या खेड्यात जन्मलेला हा मुलगा १९०७ साली सेंट अँटनला शिकवू लागला. त्याने शिकणाऱ्यांच्या इयत्ता पाडल्या. नवख्याने मंद उतारावर पट्ट्यांची टोके जुळवून हळू उतरायचे, ते अंगवळणी पडले की पुढचे वळण, त्यानंतरच वेग. आज जगात कुठेही ही विद्या शिकवतात ती बव्हंशी याच क्रमाने. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळली, तेव्हा नाझींना नको असलेल्या या शिक्षकाला तुरुंगात टाकले. अमेरिकन मित्रांच्या खटपटीने तो सुटला. १९३९ च्या हिवाळ्यात तो न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवे गावी उतरला, त्या वेळी गावातली मुले स्कीच्या काठ्यांची कमान धरून उभी होती. शिक्षकाला याहून मोठा सत्कार कोणता? तिथेच १९५५ साली त्याने देह ठेवला.

आता प्रत्यक्ष उंचवट्यांकडे वळू. स्कीवरून जाणारी गर्दी वाढली तसे उतारांवर मोगल उगवू लागले. जुन्या शिकवणीने उतरणारा माणूस त्यांच्यावर आदळून हवेत उडे, नाहीतर घळीत कोसळे. उपाय फ्रान्समधून आला. ग्रनोबलचे जॉर्ज जुबेर हे अध्यापक, आणि १९६० च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता जाँ व्ह्युआर्ने. या दोघांनी उत्तम खेळाडूंची छायाचित्रे बारकाईने तपासली आणि १९६० च्या दशकात एका युक्तीला नाव दिले: ‘आव्हालमाँ’, म्हणजे गिळणे. उंचवट्यावर चढायचे नाही, त्याच्याशी झुंजायचे नाही; तो गिळायचा.

गिळायचा कसा? उंचवटा पायाखाली आला की गुडघे सैल सोडून छातीकडे येऊ द्यायचे. माथा ओलांडला की पाय लांबवून घळीचा तळ गाठायचा. पट्टी बर्फाला सोडत नाही आणि डोके एका सरळ रेषेत खाली जाते. जणू कमरेखाली समुद्र आणि कमरेवर तळे! वळायचे ते माथ्यावर. कारण तिथे पट्टीचा मध्यभागच टेकलेला असतो, टोके मोकळी असतात, आणि थोड्या जोराने ती फिरते. हात पुढे, नडगी बुटाच्या पुढच्या अंगाला टेकलेली, खांदे उताराकडे. नजर पायाखालच्या उंचवट्यावर नव्हे, तर त्यापुढच्या दोन-तीन उंचवट्यांवर.

यात अवघड असते ते मनाला. उतार दिसला की माणूस भिऊन मागे रेलतो. मागे रेलला की पट्ट्यांची टोके हलकी होऊन वळेनाशी होतात, वेग वाढतो आणि भीती खरी ठरते. म्हणून जाणते गुरू नवख्याला आधी मंद उतारावरचे दोन-चार उंचवटे देतात, तेही आडवे घसरत ओलांडायला. गुडघ्यांना भरवसा आला की मन आपोआप पुढे झुकते.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९७१ साली न्यू हॅम्पशायरमध्येच, वॉटरव्हिल व्हॅलीला, या मनमोकळ्या खेळाची मोठी स्पर्धा भरली. १९८८ साली कॅलगरीच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला आणि १९९२ साली आल्बर्तव्हिलला पदकाचा मानकरी ठरला. पहिली सुवर्णपदके फ्रान्सचा एदगार ग्रोस्पिराँ आणि अमेरिकेची डोना वाइनब्रेक्ट यांनी जिंकली. इथे गुण देण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. शंभरांतले साठ गुण वळणांना, वीस उड्यांना आणि वेगाला केवळ वीस.

आपल्या देशात या खेळाचे माहेर गुलमर्ग. तिथल्या रानफुलांवर जहांगीर बादशहा लुब्ध होता, म्हणजे खरे मोगलही तिथे जाऊन आले! १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे स्कीचा क्लब काढला. २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळही तिथे भरू लागले.

आणि आपला सह्याद्री? त्याला बर्फ ठाऊक नाही, पण उंचवटे आणि घळी यांचा धडा त्याने फार पूर्वी दिला आहे. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगड पदरात पाडून औरंगजेबाची अवाढव्य छावणी पन्हाळ्याकडे परत निघाली. वाट जेमतेम तीस मैलांची. पण फुगलेले ओढे, चिखल आणि चढउतार यांत हत्ती, तंबू, बैल आणि माणसे अडकली, आणि ती वाट सरायला महिन्याहून अधिक काळ लागला. त्याच मुलखात मराठ्यांची घोडी हलक्या सामानानिशी येत-जात होती. डोंगर दोघांना सारखाच होता. एक फौज त्याला दाबून सरळ जाऊ पाहत होती. दुसरी त्याच्या वळणाने वळत होती.

या दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतील, तेव्हा त्याच्या ओल्या मातीच्या उतारावर एक गोटी सोडून पाहावी. कडक गोटी पहिल्याच खड्याला उडते, कारण तिला गुडघे नाहीत. आपल्याला ते आहेत. आपल्या वाटेवरचे बहुतेक उंचवटे आधी उतरून गेलेल्यांनीच घडवलेले असतात, आणि आपणही मागून येणाऱ्यांसाठी दोन-चार घडवूनच जाणार असतो. ते टळत नाहीत. पण नजर पुढे आणि गुडघे सैल ठेवले, तर त्यांवरून उभ्याने उतरता येते.