बाजार का रेल्वे?

अमरावतीच्या स्टँडवर ‘चांदूर’ म्हणालो, की कंडक्टर हमखास विचारतो, “कोनतं? बजार का रेल्वे?” एकाच जिल्ह्यात दोन चांदूर, तीही विरुद्ध दिशांना. एकदा झोपेच्या तारेत भलत्याच गाडीत बसलो आणि उरलेला रस्ता ‘बाजार’ या शब्दावर विचार करण्यात घालवला.

‘रेल्वे’ साहेबाची, ‘बाजार’ फारसी. इस्लामपूर्व इराणात तो ‘वाझार’ होता. तुर्कीत ‘पझार’ म्हणजे बाजार आणि रविवारही! हंगेरियन भाषेत तर रविवारचं नावच ‘बाजाराचा दिवस’. आपल्या खेड्यांत याहून वेगळं काय असतं?

वऱ्हाडात शतकानुशतकं फारसी कारभाराची भाषा होती. इमादशाहीची राजधानी अचलपूर चांदूर बाजारपासून जवळच. मराठीनं मात्र ‘बाजार’ या शब्दाला बरंच राबवलं. फौजेमागचा लवाजमा ‘बाजारबुणगे’ झाला, हलकं ते ‘बाजारू’, आणि कुणाचं वाटोळं झालं की त्याचा ‘बाजार उठला’.

आता कापसाचा बाजारभाव मोबाइलवर येतो, शेअर बाजार तर दिसतही नाही. पण चांदूर रेल्वेत पिशवी घेऊन परतणाऱ्याला शेजारीण अजून विचारते, “झाला का बजार?” तिथं बाजार म्हणजे पिशवीतली वांगी.