जालन्याचें दप्तर आणि सर्व्हरवरील सांगाडा

जालना जिल्हा तसा वयानें लहान. १ मे १९८१ रोजीं तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांतील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणीकडील परतूर मिळून तो अस्तित्वांत आला. परंतु त्याचें दप्तर मात्र जुनें आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. दरबारची भाषा उर्दू, आणि गांवकामगारांच्या हातचें मराठी लिखाण बहुधा मोडींत. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्यें बदललीं, मुलकी खात्याचे नमुने बदलले; कपाटांतील रुमाल मात्र तेथेंच राहिले.

हे रुमाल २०२३ सालीं एकाएकीं महत्त्वास चढले. अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी या गांवीं मनोज जरांगे यांनीं २९ ऑगस्टला मराठा आरक्षणासाठीं उपोषण आरंभिलें. १ सप्टेंबरला तेथें पोलिसांचा लाठीमार झाला आणि गांवाचें नांव राज्यभर गाजलें. ७ सप्टेंबरला सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. निजामकालीन व इतर जुन्या कागदांतून ‘कुणबी’ अशा नोंदी शोधणें सुरू झालें. जन्ममृत्यूचीं रजिस्टरें, शाळांचे दाखले, महसुली पत्रकें सारीं उलटलीं गेलीं. उर्दू व मोडी वाचणारे जाणकार शोधून आणावे लागले. पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दावर पणतूचें प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर त्याचा प्रवेश किंवा नोकरी! आरक्षणाच्या वादांत कोणतीही बाजू घेतली तरी ज्याचा कागद त्याला दिसला पाहिजे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. सांपडलेल्या नोंदींच्या प्रतिमा मराठवाड्यांतील जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यांत येऊं लागल्या, आणि कपाटाचें काम सर्व्हरकडे गेलें.

सर्व्हर म्हणजे अखंड जागें राहून मागेल त्याला मागेल तें पान देणारा संगणक. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेंत जगांतील पहिलें संकेतस्थळ उभें केलें, तें १९९१ सालीं लोकांपुढें आलें. तेव्हां पान म्हणजे आधींच लिहून ठेवलेली फाईल, एवढाच अर्थ होता. भारतांत सामान्य माणसास इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याच वर्षीं रॅस्मस लेर्डोर्फ यांनीं ‘पीएचपी’ प्रसिद्ध केलें. त्याच्या साह्यानें पान मागितल्या क्षणीं तयार करतां येऊं लागलें. पण प्रत्येक कारागीर प्रत्येक स्थळाची तीच ती कामें नव्यानें करी: ओळख पटविणें, माहिती साठविणें, पत्ता आणि पान यांची सांगड घालणें. चुकाही अर्थातच नव्यानें करी. या कंटाळ्यांतून ‘फ्रेमवर्क’ जन्मास आलें. अमेरिकेंतील कॅन्सास राज्यांत लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत एड्रियन होलोव्हॅटी व सायमन विलिसन यांनीं २००३ सालीं ‘जँगो’ या फ्रेमवर्कचें काम आरंभिलें व २००५ सालीं तें सर्वांस खुलें झालें. वृत्तपत्राची घाई हीच त्यामागील प्रेरणा.

मराठी वाचकास ही कल्पना अपरिचित नाहीं. तलाठ्याचे गांवनमुने एक ते एकवीस हें एक फ्रेमवर्कच होय. सात-बाराचे रकाने ठरलेले, त्यांची जागा ठरलेली. तलाठ्यानें फक्त आपल्या गांवची माहिती भरावयाची.

हा सांगाडा सर्व्हरवर बसविण्याचें काम बांधकामासारखें खालून वर चालतें. तळाशीं बहुधा लिनक्स, त्यावर पानें वाटणारी अपाची किंवा तत्सम प्रणाली, मग भाषा, मग माहितीचा साठा, आणि सर्वांत शेवटीं फ्रेमवर्क. भाषेची आवृत्ति एक आणि फ्रेमवर्कला हवी दुसरी, असें झालें कीं काम तेथेंच अडतें. तें वैतागवाणें खरें, पण घातक नव्हे. घातक असतात त्या सोयीच्या वाटा. फाईल लिहितां येत नाहीं असें यंत्रानें सांगतांच सर्वांनाच लिहिण्याची मुभा देऊन मोकळें होणें, ही फार प्रचलित खोड आहे. दुसरी खोड, दोष शोधण्याची चौकशी-अवस्था काम संपल्यावर चालूच ठेवणें. मग परक्या पाहुण्यासही घराचा आंतला नकाशा दिसतो. साठ्याची परवलीची खूण लोकांस उघड्या असलेल्या कप्प्यांत ठेवणें ही तिसरी. दप्तरखान्याची किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवावी, तसेंच हें.

प्रत्येक जिल्ह्यानें हें सारें स्वतः करावें हें व्यवहार्य नव्हतें. १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें म्हणून ‘एस-थ्री-वास’ नांवाचें एकच फ्रेमवर्क सरकारी स्थळांसाठीं तयार केलें. सुरक्षित, विस्तारक्षम व सुगम असें त्याचें ब्रीद. देशभरच्या जिल्ह्यांचीं संकेतस्थळें त्यावर चालतात, जालन्याचेंही त्यांतच. सांगाडा केंद्राचा, मजकूर जिल्हा प्रशासनाचा. दुरुस्ती एका ठिकाणीं केली कीं सर्वांस लाभते. उलट सर्व स्थळांचा तोंडवळा एकसारखा होतो ही तक्रार आहे. पण वणजोबांची नोंद शोधणाऱ्यास तोंडवळ्याशीं काय कर्तव्य?

त्याची अडचण निराळीच आहे. देवनागरी अक्षरें यूनिकोडमध्यें १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. मोडीलाही जून २०१४ मध्यें सातव्या आवृत्तींत स्थान मिळालें. परंतु रुमालांतून निघून सर्व्हरवर चढलेलें पान हें अक्षरें नव्हे, छायाचित्र आहे. शोधाच्या चौकटींत ‘कुणबी’ लिहिलें तर फाईलचें नांव सांपडेल, पानावरील शाईंतला शब्द सांपडत नाहीं. तालुका, मग गांव, मग फाईल अशी वाट धरून एकेक पान डोळ्यांखालून घालावें लागतें. आणि तें मोडींत निघालें तर छापून घेऊन मोडी जाणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कारकुनाचें घर गांठावें लागतें.