बेडकाच्या तंगड्यांचा व्यापार : एक जुना धडा



धायरी गाव 2017 साली पुरतं पुणे महापालिकेत गेलं. शिवारात इमारती आल्या. पण पानशेतच्या अंगाला गेलात, की भातखाचरं अजून दिसतात आणि पहिल्या जोरदार पावसानंतर रात्री डराव-डराव ऐकू येतं. हे ओरडणारे बेडूक एके काळी परदेशी ताटात जात होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

खाचरात लहान-मोठे अनेक बेडूक असतात. त्यांतल्या एका लहान बेडकाला अॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाने 1919 साली सह्याद्रीचंच नाव दिलं. मोठा बेडूक मात्र तळहातापेक्षाही मोठा. विणीच्या दिवसांत याचा नर हळदीसारखा पिवळा होतो. किडे, खेकडे, प्रसंगी उंदराची पिल्लंही तो गिळतो.

याच्या मांसल तंगड्यांना अमेरिका आणि युरोपात मागणी आली. 1950 नंतर हा व्यापार वाढत गेला. 1981 साली तर चार हजार टनांवर गोठवलेल्या तंगड्या देशाबाहेर गेल्या. बेडूक पकडत ते पावसाळ्यात, रात्री, बत्तीच्या उजेडात. नर ओरडतो, म्हणून जागा लगेच सापडते. म्हणजे ऐन अंडी घालायच्या वेळीच तो पोत्यात जाई. मग पुढच्या साली पीक कुठून येणार? परकीय चलन देशाला मिळालं, पण खाचराचा राखणदार गेला तो शेतकऱ्याचा.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी 1985 साली संस्थेच्या नियतकालिकात या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. 1987 साली भारताने निर्यात बंद केली. गिऱ्हाईक मग इंडोनेशियाकडे वळलं.

बंदी झाली, तरी आपलं काम उरतंच. तेव्हा एवढं करा :

1. किडीचं प्रमाण नुकसानीच्या पातळीवर गेल्याशिवाय फवारणी करू नका. आधी खाचरात फिरून पाहा.

2. फवारणीचा पंप खाचरात किंवा ओढ्यात धुऊ नका. बेडकाची कातडी पातळ, विष लगेच आत जातं.

3. बांधाकडेचं एखादं डबकं राहू द्या. पिल्लांना पाय फुटायला काही आठवडे पाणी लागतं.

4. रात्री बेडूक धरायला कोणी आलं, तर बांधावर पाय ठेवू देऊ नका.

बेडूक सगळी कीड संपवील, असं नाही. पण तो रोज रात्री कामावर येतो आणि मजुरी मागत नाही. त्याला राखणं आपल्याच फायद्याचं आहे.